कटीराच्या दुखापतीनंतर ताठरता येत नसेल तर: तपासणीपासून उपचारांपर्यंत

अपघातात कटीराची, म्हणजे पेल्व्हिसची हाडं मोडली की पहिले काही आठवडे रक्तस्राव, हाडं आणि लघवी यांतच जातात. जीव वाचवायचा असतो, त्यामुळे ते योग्यच आहे. पुढे प्लेटा बसतात, कुबड्या सुटतात, कॅथेटर निघतो, माणूस कामावर जाऊ लागतो. मग कधीतरी त्याच्या लक्षात येतं की लिंगाला पहिल्यासारखी ताठरता येत नाही, किंवा अजिबातच येत नाही. तोपर्यंत त्याला याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. त्यालाही विचारायला धीर होत नाही, आणि असे महिने निघून जातात.

हे महिने वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख. माझा आग्रह एकच आहे: गोळीचं नाव विचारण्याआधी आत नेमकं काय दुखावलंय ते शोधून घ्या. मज्जातंतू दुखावलेल्या माणसाला जे लागू पडतं ते धमनी तुटलेल्याला पडेलच असं नाही. कारण न शोधता उपचार सुरू केले की पहिली गोळी फसते आणि माणूस 'आपलं संपलं' असं धरून बसतो. बहुतेकांचं काहीही संपलेलं नसतं.

आत काय बिघडतं

ताठरता येताना तीन गोष्टी लागोपाठ घडतात. पाठीच्या कण्याच्या तळाकडून, सेक्रल दोन ते चार या पातळ्यांवरून आलेले मज्जातंतू लिंगातल्या स्पंजासारख्या ऊतींमध्ये नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि तिथले स्नायू सैल पडतात. मग धमन्यांतून रक्त जोराने आत येतं. स्पंज फुगला की बाहेरच्या चिवट आवरणालगतच्या शिरा दाबल्या जातात आणि आलेलं रक्त आतच अडकून राहतं. यातली एक गोष्ट जरी अडली तरी ताठरता येत नाही, किंवा येऊन टिकत नाही.

कटीराच्या दुखापतीत या तिन्ही गोष्टींना धोका असतो, कारण सगळं हाडाला अगदी लागून आहे. ताठरतेचे मज्जातंतू प्रोस्टेटच्या मागून-बाजूंनी येऊन, कटीराची दोन्ही हाडं पुढे जिथे जुळतात त्या सांध्याखाली मूत्रमार्गाला खेटून जातात. हाडं सरकताना मूत्रमार्ग ताणला किंवा फाटला की हे तंतूही ओढले जातात. म्हणूनच फ्रॅक्चरसोबत मूत्रमार्गाला इजा झालेल्यांमध्ये ही तक्रार कितीतरी जास्त आढळते. लिंगाला रक्त पुरवणारी प्युडेंडल धमनी बैठकीच्या हाडाच्या आतल्या कडेने जाते. मोडलेलं टोक तिला कापू शकतं किंवा दाबू शकतं. लिंगाची मुळं त्याच हाडांना चिकटलेली असतात. ती सुटली किंवा तिथे व्रण धरला तर रक्त आत थांबत नाही.

याच्या जोडीला वेदनेची औषधं, महिनोन्‌महिने पडून राहणं, उडालेली झोप, अपघाताची धास्ती आणि नैराश्य असतंच. ओपिऑइड गटातली वेदनाशामकं दीर्घकाळ घेतली तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घटतं. नैराश्याची काही औषधं इच्छा आणि ताठरता दोन्ही कमी करतात. अशी कारणं शोधायला सोपी असतात आणि पुष्कळदा सुधारताही येतात, म्हणून ती आधी तपासून घ्यावीत.

हाड मोडलेलं नसलं तरीही हे होऊ शकतं. सायकलच्या दांड्यावर, कुंपणावर किंवा पाइपवर दोन्ही बाजूंना पाय टाकून जोरात आदळलं, तर वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी धमनी हाडावर चेचली जाते. एक्स-रे स्वच्छ येतो आणि त्रास मात्र खरा असतो.

पहिली पायरी: सांगा, आणि योग्य माणसाला सांगा

हाडाच्या डॉक्टरांना सांगायला हरकत नाही, पण हे काम युरॉलॉजिस्टचं, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाचं आहे. पुरुषांच्या लैंगिक आरोग्यात काम करणारा अँड्रॉलॉजिस्ट मिळाला तर आणखी चांगलं. बोलायला जड जात असेल तर एकच वाक्य लिहून न्या: 'अपघातानंतर मला ताठरता येत नाही, याची तपासणी करायची आहे.' एवढं पुरतं. पुढचे प्रश्न विचारणं डॉक्टरांचं काम.

सोबत डिस्चार्जचा कागद, सीटी स्कॅनचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची नोंद न्या. कोणतं हाड कुठे मोडलं, मूत्रमार्गाला इजा होती का, रक्तस्राव थांबवायला एखादी धमनी आतून बंद केली होती का, प्लेट आणि स्क्रू कुठे आहेत, हे सगळं त्यात असतं आणि पुढच्या प्रत्येक निर्णयात लागतं. अपघाताआधी ताठरता कशी होती हेही खरं खरं सांगा. आधीपासून मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल तर चित्र बदलतं.

काही लक्षणांत अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट तातडीच्या विभागात जा. मांड्यांच्या आतली बाजू आणि गुदद्वाराभोवतीची जागा अचानक बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा शौचावरचा ताबा जाणं, ही मज्जारज्जूच्या टोकाकडच्या तंतूंवर दाब आल्याची लक्षणं असू शकतात. मूत्रमार्गातून रक्त येणं किंवा लघवी बंद होणं हेही तितकंच तातडीचं. दोन पायांमध्ये मार बसल्यानंतर लिंग न दुखता, अर्धवट ताठर स्थितीत तासन्‌तास किंवा दिवसभर तसंच राहत असेल, तर आत धमनी फुटून रक्त थेट स्पंजात वाहत असण्याची शक्यता असते. हा प्रकार दुखत नाही म्हणून लोक अंगावर काढतात. तसं करू नका.

दुसरी पायरी: घरची नोंद

भेटीआधीचे दोन-तीन आठवडे एका वहीत चार गोष्टी टिपा. पहाटे किंवा झोपेत ताठरता येते का? एकट्याने हस्तमैथुन करताना किती येते? जोडीदारासोबत किती येते, आणि आली तर किती वेळ टिकते? लिंगाच्या टोकाला, वृषणांच्या त्वचेला आणि मांडीच्या आतल्या बाजूला स्पर्श नीट कळतो का?

या नोंदीतून बराच उलगडा होतो. पहाटे चांगली ताठरता येत असेल आणि संबंधाच्या वेळीच जात असेल, तर तंतू आणि धमन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत. भीती, वेदना किंवा दडपण आड येतंय. कधीच काहीच हालचाल नसेल आणि स्पर्शही बोथट असेल, तर तंतूंकडे बोट जातं. स्पर्श छान, इच्छा छान, पण लिंग जेमतेम भरतं आणि त्यालाही फार वेळ लागतो, असं असेल तर धमनीचा संशय घ्यावा. पटकन येते आणि स्थिती बदलताच उतरते, असं असेल तर तळाला भोक पडलेल्या बादलीसारखी गत असू शकते, म्हणजे रक्त येतं पण शिरांमधून गळून जातं. अर्थात हे सगळे अंदाज. शिक्कामोर्तब तपासणीनेच होतं, आणि एकाच माणसात दोन-तीन कारणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

डॉक्टर बहुधा पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात. तिचे गुण ५ ते २५ असतात. २१ किंवा त्याहून कमी आले तर ताठरतेची अडचण आहे असं धरतात, ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. पहिला आकडा जपून ठेवा. उपचारांनी फरक पडतोय का हे पुढे त्यावरूनच ठरतं.

तिसरी पायरी: तपासण्या

रक्तात साखर, चरबी आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन पाहतात. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळीच तपासून खात्री करायची. एका अहवालावर औषध सुरू करायचं नाही. पुढे मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतू तयार होणं मंदावतं किंवा थांबतं.

सगळ्यात उपयोगाची तपासणी म्हणजे लिंगाचा डॉप्लर. त्यात लिंगात एक बारीक सुईचं इंजेक्शन देऊन ताठरता आणतात आणि सोनोग्राफीने दोन्ही बाजूंच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजतात. हृदयाच्या ठोक्यासरशी वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर धमनीत अडथळा मानतात. ३५ च्या वर असेल तर रक्त येणं ठीक आहे. दोन ठोक्यांच्या मधला वेग ५ च्या वर राहिला तर रक्त आत टिकत नाही असा अर्थ निघतो. इथे एक गोम आहे. थंड खोली, अनोळखी माणसं आणि पोटात गोळा, अशा स्थितीत शरीर ताठरतेला विरोध करतं, आणि चांगल्या शिराही गळक्या दिसतात. म्हणून औषधाचा पहिला डोस कमी पडला तर दुसरा देऊन पुन्हा मोजलं का, हे विचारा. घाईने केलेल्या डॉप्लरवरून 'शिरांची गळती' असा शिक्का मारून घेऊ नका. तपासणी संपल्यावर ताठरता उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. न उतरल्यास काय करायचं हे विचारूनच बाहेर पडायचं.

गरज पडली तर झोपेतली ताठरता मोजणारं यंत्र रात्री लावून देतात. धमन्यांची अँजिओग्राफी प्रत्येकाला लागत नाही, ती धमनीच्या ऑपरेशनचा विचार असेल तरच करतात.

चौथी पायरी: वाट पाहणं, पण हातावर हात ठेवून नाही

दबलेले किंवा ताणलेले मज्जातंतू सावरतात, मात्र फार सावकाश. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. कटीराच्या दुखापतीनंतर ताठरता आपोआप सुधारण्याची शक्यता दीड ते दोन वर्षं राहते. म्हणूनच या काळात परत न फिरवता येणारी शस्त्रक्रिया, विशेषतः इम्प्लांट (लिंगात बसवायच्या दांड्या किंवा नळकांडी), शक्यतो टाळतात.

याचा अर्थ दोन वर्षं नुसतं बसून राहायचं असा मात्र नाही. खूप काळ ताठरताच आली नाही तर लिंगातल्या ऊतींना ऑक्सिजनयुक्त रक्त कमी मिळतं आणि तिथे हळूहळू तंतुमय ऊती वाढतात. ते रोखण्यासाठी बरेच डॉक्टर रोज कमी डोसची गोळी, लिंगात रक्त ओढणारा पंप किंवा लिंगातलं इंजेक्शन लवकर सुरू करतात (तिन्ही पुढे येतात). याने तंतू लवकर बरे होतात असा ठाम पुरावा नाही. तरीही माझं मत लवकर सुरू करण्याच्या बाजूने आहे, कारण या काळात संबंध चालू राहतात आणि मन खचत नाही, आणि तो फायदा हमखास असतो.

याच काळात धूम्रपान बंद करा. उरलेली एकुलती एक धमनी आकसवायला सिगरेटसारखं दुसरं काही नाही. हाडाच्या डॉक्टरांची परवानगी मिळाली की रोज चालणं सुरू करा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या; दुखापतीनंतर हे स्नायू कधी ढिले पडतात तर कधी आवळून दुखतात, आणि दुसऱ्या प्रकारात आकुंचनाचे व्यायाम केले तर दुखणं वाढतं. स्वतःच्या मनाने सुरू करू नका ते यासाठीच.

पाचवी पायरी: गोळ्या

सिल्डेनाफिल १९९८ साली बाजारात आलं. त्यानंतर टॅडालाफिल, वार्डेनाफिल, अव्हानाफिल आली. या गोळ्या नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम लांबवतात. तो तयार करायला थोडे तरी तंतू जिवंत हवेत आणि मनात उत्तेजना हवी. नुसती गोळी घेऊन वाट पाहत बसलं तर काहीच होत नाही. तंतू पूर्ण तुटलेले असतील तर गोळी कमी पडते, अर्धवट शाबूत असतील तर चांगली चालते.

सिल्डेनाफिल साधारण २५ ते १०० मिलिग्रॅममध्ये, संबंधाच्या तासभर आधी आणि शक्यतो रिकाम्या पोटी घेतात. तेलातुपाचं जेवण झालेलं असेल तर परिणाम उशिरा आणि कमी होतो. टॅडालाफिलला जेवणाची अडचण नाही. १० किंवा २० मिलिग्रॅमचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो, किंवा रोज ५ मिलिग्रॅम घेता येतं. घड्याळाकडे पाहून संबंध ठेवण्याचं दडपण ज्याला सोसत नाही त्याला रोजची गोळी बरी पडते. डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.

गोळी 'फेल' झाली असं कधी म्हणायचं? पूर्ण डोस, योग्य वेळ, पुरेशी उत्तेजना, असं सगळं जुळवून किमान सहा ते आठ वेळा वापरल्यावर. एकदा-दोनदा घेऊन सोडून देणारे पुष्कळ असतात. डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं, टॅडालाफिलने कंबर दुखणं हे नेहमीचे त्रास आहेत. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा ऐकू येईनासं झालं तर गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टर गाठा.

छातीत दुखण्यावरची नायट्रेट औषधं, जिभेखालची गोळी किंवा फवारा यांपैकी काहीही घेत असाल तर या गोळ्या पूर्ण वर्ज्य, कारण रक्तदाब जीवघेणा घसरतो. फुप्फुसांच्या रक्तदाबावरचं रिओसिग्वाट घेणाऱ्यांनाही त्या चालत नाहीत. कॅथेटर काढल्यानंतर लघवी सुटावी म्हणून टॅम्सुलोसिन दिलेलं असेल तर तेही सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यावर उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून सुरुवात कमी डोसने करतात. आणि कधी छातीत दुखून रुग्णालयात न्यावं लागलं तर ही गोळी घेतल्याचं न लाजता सांगा. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत.

सहावी पायरी: पंप

व्हॅक्यूम पंपाला मज्जातंतू लागत नाहीत, धमनीही पूर्ण चांगली लागत नाही. नळीत लिंग ठेवून हवा काढली की रक्त ओढलं जातं, मग मुळाशी रबरी कडं सरकवायचं. दाबावर मर्यादा ठेवणारी झडप असलेलाच पंप घ्या. भरपूर जेली लावा, हवा एकदम न काढता थांबत थांबत काढा. येणारी ताठरता थोडी थंड, निळसर आणि मुळाशी डुलणारी असते. हे आधी माहीत असलं म्हणजे दोघंही दचकत नाहीत. वीर्य बाहेर यायला कडं अडवू शकतं.

कडं ३० मिनिटांच्या आत काढलंच पाहिजे. लिंगाला बधिरपणा असेल तर दुखून जाग येईल या भरवशावर राहू नका, मोबाइलवर गजर लावा. फ्रॅक्चरनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधं अनेकांना चालू असतात. तेव्हा पंपाने काळे-निळे डाग पडतात आणि रक्त साकळतं, म्हणून विचारल्याशिवाय वापरू नका. कुणाला पंप यांत्रिक वाटून नकोसा होतो, कुणाला तोच सगळ्यात सोपा वाटतो. आधी काही दिवस एकट्याने सराव करावा.

सातवी पायरी: लिंगातलं इंजेक्शन

नाव ऐकून माणूस घाबरतो. पण कटीराच्या दुखापतीनंतर ज्यांच्यावर गोळी चालत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेविना इतका परिणामकारक दुसरा उपाय नाही. औषध थेट लिंगातल्या स्नायूंना सैल करतं, मज्जातंतूंची गरजच राहत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा मार्ग सापडला. आज अल्प्रोस्टॅडिल एकटं, किंवा पापावरीन आणि फेंटोलामीन यांच्या मिश्रणात वापरतात.

पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं असतं. तंतूंच्या इजेत स्नायू या औषधाला जास्त प्रतिसाद देतात, म्हणून डॉक्टर अगदी कमी मात्रेने, अल्प्रोस्टॅडिल असेल तर बहुधा २.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी, सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. तासाभरात उतरेल इतकीच ताठरता देणारी मात्रा ठरली की ती तुमची मात्रा. घरी ती स्वतः वाढवू नका.

घरी करताना हात साबणाने धुऊन बसा, उजेड भरपूर ठेवा. एका हाताने लिंगाचं टोक धरून मांडीच्या दिशेने हलकं ताणून धरा. कातडी मागे घेण्याची पद्धत दवाखान्यात दाखवतात. सुई लावायची ती बाजूला, मुळाकडच्या आणि मधल्या भागात. वरून पाहिलं तर घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी. वरच्या मध्यरेषेवर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आहेत, खाली मूत्रमार्ग आहे, या दोन्ही जागा टाळायच्या. दिसणारी शीरही टाळायची. जागा स्पिरिटने पुसून इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक सुई सरळ, एका झटक्यात आत घाला. कातडीला कोन करून तिरकी घालू नका. औषध सहज जायला हवं. जोर लावावा लागला किंवा जळजळलं तर टोक चुकीच्या थरात आहे, किंचित मागे घ्या. सुई काढल्यावर दोन ते पाच मिनिटं कापसाने घट्ट दाबा, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर आणखी जास्त वेळ. पुढच्या खेपेला दुसरी बाजू. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे गाठ धरते आणि लिंग वाकडं होतं. २४ तासांत एकदाच, आठवड्यात दोन-तीनदा, यापुढे जायचं नाही.

ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर रुग्णालयात जा. रात्रीचे तीन वाजले असले तरी जा, आणि इंजेक्शन घेतल्याचं दारातच सांगा. साकळलेलं रक्त काढून आणि औषध देऊन ती उतरवता येते. उशीर झाला तर ऊती कायमच्या खराब होतात.

हेच औषध मूत्रमार्गात ठेवायच्या बारीक गोळीच्या रूपातही मिळतं. पण ज्यांचा मूत्रमार्ग फाटून दुरुस्त केलेला आहे किंवा अरुंद झालाय त्यांनी सर्जनच्या परवानगीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

आठवी पायरी: धमनीचं ऑपरेशन, मोजक्यांसाठी

पोटाच्या भिंतीतली धमनी खाली आणून लिंगाच्या धमनीला जोडणारी शस्त्रक्रिया १९७०च्या दशकापासून होते. ती तरुण माणसासाठी आहे: दुखापतीने धमनी एकाच ठिकाणी बंद पडलेली, मधुमेह नाही, धूम्रपान नाही, शिरांची गळती नाही, आणि हे सगळं अँजिओग्राफीने सिद्ध झालेलं. अशी माणसं थोडी असतात. पण तुम्ही त्यांपैकी असाल तर नैसर्गिक ताठरता परत मिळण्याची ही संधी आहे, त्यामुळे इम्प्लांटआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फाटलेल्या मूत्रमार्गाची दुरुस्ती व्हायची असेल आणि दोन्ही बाजूंच्या धमन्या बंद असतील, तर काही सर्जन आधी रक्तपुरवठा जोडतात, म्हणजे दुरुस्त केलेला मूत्रमार्गही तग धरतो. शिरा बांधण्याची शस्त्रक्रिया मात्र आता सुचवत नाहीत. तिचा परिणाम टिकत नाही.

नववी पायरी: इम्प्लांट

बाकीचं चाललं नाही, किंवा चालतं पण नकोसं झालं, आणि दीड-दोन वर्षं उलटली, तर इम्प्लांट. वाकवता येणाऱ्या दांड्यांचा प्रकार साधा आणि टिकाऊ. फुगवता येणाऱ्या प्रकारात लिंगात दोन नळकांडी, वृषणाच्या पिशवीत छोटा पंप आणि पोटात पाण्याची पिशवी असते. पंप दाबला की ताठरता येते, सोडवला की उतरते.

कटीराच्या दुखापतीत अडचण या पिशवीची असते. ती नेहमी मूत्राशयाशेजारी, कटीराच्या पुढच्या हाडामागे ठेवतात, आणि नेमकी तिथेच तुमची प्लेट, व्रण आणि चिकटलेलं मूत्राशय असतं. तिथे चाचपडताना मूत्राशयाला किंवा रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. म्हणून पिशवी पोटाच्या स्नायूंमध्ये वर ठेवणं किंवा वेगळी पिशवी नसलेला प्रकार निवडणं, हे पर्याय आहेत. सर्जनला सीटी स्कॅन दाखवा आणि थेट विचारा: 'माझ्या प्लेटा पाहून तुम्ही पिशवी कुठे ठेवाल?' मूत्रमार्गाचं काम बाकी असेल तर ते आधी पूर्ण होऊन स्थिरावायला हवं.

ठरवण्याआधी दोघांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात. आतल्या स्पंजाची जागा नळकांडी घेतात, त्यामुळे पुढे ती काढली तर नैसर्गिक ताठरता परत येत नाही. लिंगाचं टोक फुगत नाही आणि लांबी पूर्वीपेक्षा थोडी कमी वाटू शकते. स्पर्श आणि कामपूर्तीचं सुख आधी जसं होतं तसंच राहतं, इम्प्लांटने ते वाढतही नाही. संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागतं. यंत्र कधीतरी बिघडतं आणि बदलावं लागतं. इतकं असूनही योग्य माणसात केलेल्या इम्प्लांटनंतरचं समाधान या सगळ्या उपचारांमध्ये वरचं असतं.

कशावर खर्च करू नये

शॉक वेव्ह, रक्तातल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं, स्टेम सेल हे उपाय अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत, आणि तुटलेल्या तंतूंवर किंवा धमनीवर ते चालतात याचा पुरेसा आधार नाही. कुणी हमी देऊन पूर्ण कोर्सचे पैसे आधी मागत असेल तर उठून या. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांमध्ये लपवून सिल्डेनाफिल घातल्याचं अनेकदा उघड झालंय. नायट्रेट घेणाऱ्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

पुन्हा जवळ येताना

संबंध कधी सुरू करायचे हे दोन डॉक्टरांना विचारा: हाडावर वजन टाकायला परवानगी कधी, आणि मूत्रमार्ग दुरुस्त केला असेल तर तो कधी भरून येईल. सुरुवातीला तुम्ही पाठीवर किंवा कुशीवर, गुडघ्यांखाली उशी, आणि हालचाल जोडीदाराच्या हातात, असं ठेवलं तर कटीरावर ताण कमी येतो. पोटातून बाहेर आणलेली लघवीची नळी असेल तर ती पोटावर चिकटपट्टीने बसवून, पिशवी बाजूला ठेवून जवळ येता येतं.

पहिले काही दिवस समागम करायचाच नाही, असं दोघांनी आधीच ठरवावं. फक्त स्पर्श: कुठे कळतं, कुठे बधिर आहे, कुठे दुखतं, याचा नकाशा दोघांनी मिळून काढायचा. लिंगाचं टोक बोथट झालं असेल तर मान, छाती, कानाची पाळी या जागा अनेकदा जास्त जाग्या झालेल्या असतात. ताठरतेशिवायही कामपूर्ती होऊ शकते, हे फार थोड्यांना माहीत असतं. जोडीदाराला तपासणीच्या भेटीला सोबत न्या, कारण न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ समोरचा माणूस पुष्कळदा 'मी आता आवडत नाही' असा लावतो. अपघाताचे प्रसंग झोपेत पुन्हा पुन्हा येत असतील किंवा कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत याच उपचाराचा भाग धरा, नंतरची गोष्ट म्हणून ढकलू नका.

मूल हवं असेल तर ते वेगळं आणि आधीच बोला. दुखापतीनंतर वीर्य बाहेर न येणं, मागे मूत्राशयात जाणं किंवा फार थोडं येणं हे ताठरता ठीक असूनही होऊ शकतं. अशा वेळी कंपन देणाऱ्या उपकरणाने वीर्य मिळवता येतं, मागे गेलेलं लघवीतून वेगळं करता येतं, आणि तेही जमलं नाही तर बारीक सुईने वृषणातून शुक्रजंतू काढून प्रयोगशाळेत गर्भधारणा करता येते. टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं ठरलं असेल तर त्याआधी वीर्य तपासून घ्या आणि नमुना गोठवून ठेवता येईल का ते विचारा.